अंगावरचं माप

पारमितानं दुकानातला उभा पंखा फरपटत आणून आपल्या पायाशी ठेवला, त्याचं तोंड छताकडं केलं आणि राखाडी कापडाचं एक टोक त्याच्यावर धरलं. कापड फुगलं, वर उडालं आणि काउंटरपलीकडं उभ्या असलेल्या रवळूच्या तोंडावर जाऊन बसलं.

"आयला!" रवळूनं कापड तोंडावरनं ओढून काढलं. "सत्याप्पाण्णा, लेक तुमची कापड घ्यायला आलीया का वाळत घालायला?"

स्टुलावर बसलेल्या सत्याप्पानं हसल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर हसायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती. अख्खा जून शाळांच्या गणवेशांनी खाल्ला होता. एकसष्टाव्या वर्षी माणसानं दिवसाला आठ-आठ चड्ड्या शिवू नयेत, हे त्याला दर वर्षी जुलैत पटायचं आणि पुढच्या मे महिन्यात तो ते साफ विसरायचा. यंदा तर मशीनच्या पायडलवरनं पाय काढले तरी पोटऱ्या आपल्या हलतच होत्या. शनिवारी दुपारी घटकाभर आडवं व्हावं म्हणत होता, तेवढ्यात लेकीनं स्कूटर काढली आणि त्याला खडेबाजारात आणून बसवलं.

रवळूच्या या दुकानातनं तो तीस वर्षं अस्तर आणि दोरे नेत होता. आज सोबत सत्तावीस वर्षांची लेक बघितल्यावर रवळूनं आधी गादीच झटकली होती. "बस्ता बांधायचा काय अण्णा? सांगायचं न्हाय व्हय आधी?" बस्ता नव्हे, विमानातनं उडी मारायचा ड्रेस शिवायचाय, असं कळल्यावर त्यानं चहा मागवला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलंच नाही.

पारमिता बेंगळूरला एका कंपनीत नोकरीला होती. गेलं दीड वर्ष ती सुट्ट्या साठवायची, परदेशी जायची आणि विमानातनं उड्या मारून परत यायची. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सोनुबाई, म्हणजे तिची आई, दोन दिवस जेवली नव्हती. तिच्या सांगण्याप्रमाणं आतापर्यंतच्या उड्या हवेत पोटावर पडायच्या होत्या. आता नवं शिकायचं होतं, त्याला फ्रीफ्लाय म्हणतात. हवेत बसायचं, उभं राहायचं, पुढं पुढं डोकं खाली करून यायचं. त्यासाठी कपडे वेगळे लागतात, एवढं सत्याप्पाला कळलं होतं. बाकीचं कळून घ्यायची त्याची इच्छा नव्हती.

"हे बघा काका," पारमिता रवळूला सांगत होती, "पोटावर पडलं की वारा पोटाला लागतो. पण बसलं की तो खालनं येतो, पायातनं वर. म्हणून पंखा खाली ठेवला मी."

"आणि हे रेशमी का नको? काय झळाळी हाय बघ की!"

"गुळगुळीत घातलं की माणूस भसकन खाली जातंय. लई जाड घातलं तर वरच राहतंय. बरोबरच्या माणसासंगं एका उंचीवर राहायचं तर मधलं कापड पायजे."

"मग जाडच घे की," सत्याप्पा स्टुलावरनं म्हणाला. "राहा वरच."

रवळू खो खो हसला. पारमिताही हसली. सत्याप्पाचा मात्र त्यात विनोद करायचा काही इरादा नव्हता.

शेवटी तिनं एका राखाडी ताग्यावर बोट ठेवलं. ट्रॅकसूटला वापरतात तसलं कापड, हाताला किंचित खरखरीत. चोळल्यावर ना सळसळणारं, ना लोळागोळा होणारं. सत्याप्पानं उठून ते दोन्ही अंगठ्यांत ताणून बघितलं, उजेडाकडं धरलं, कडेचा एक दोरा ओढून बघितला. कापड चांगलं होतं. लेकीला कापडाची पारख आहे, हे बघून त्याला बरंही वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला.

"हे एकटं नको," तो म्हणाला आणि वरच्या फळीवरचा एक भडक केशरी तागा त्यानं स्वतःच खाली ओढला. "बाह्या ह्याच्या करू. लांबनं दिसायला पायजेस."

"आप्पा, तिथं वर मला बघणारं कोण असतंय? एक कोच असतो, तो दोन हातांवर."

"म्हणूनच म्हणतो."

तिनं केशरी तागाही रवळूपुढं सरकवला. रवळूनं दोन्ही कापडं कापली, घडी घातली, कागदात गुंडाळली. मग सगळ्यांच्या वतीनं विचारावं तसं त्यानं विचारलं, "पण बाळ, हे सगळं करून मिळतंय काय?"

"काय न्हाय, काका," पारमिता म्हणाली.

गेलं दीड वर्ष हाच प्रश्न सत्याप्पाच्या ओठावर यायचा आणि परत जायचा. आज दुसऱ्यानं विचारला, आणि उत्तर हे असलं मिळालं. तो स्कूटरवर मागं बसला.

वडगावात घराघरातनं विणकरांच्या मागांची खटखट चालू होती. सत्याप्पाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि दारावर अर्ध्यात कापलेला पडदा. आल्या आल्या त्यानं पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि नेहमी गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच म्हणाला.

"मापाचा ड्रेस दे."

"ड्रेस न्हाय आणला आप्पा. अंगावरच घ्या की माप. ही बघा यादी," पारमितानं फोन पुढं केला, "बावीस मापं लागतात. उभ्याची वेगळी, बसल्याची वेगळी."

"अंगावर माप घेत न्हाय मी बायकांचं. तुला ठाऊक न्हाय?"

ते तिला ठाऊक होतं, सगळ्या वडगावाला ठाऊक होतं. बायका आपला एखादा नीट बसणारा ड्रेस मापाला आणून द्यायच्या, सत्याप्पा तो टेबलावर पसरायचा आणि त्यावरनं कापायचा. पारमिता बारा वर्षांची झाली तेव्हापासनं तिचेही कपडे त्यानं असेच शिवले होते.

"मग गेल्या वर्षी उड्यांसाठी शिवलेलं निळं जाकीट कुठाय? त्याच्यावरनं कापतो."

"ते... बेंगळूरलाच राहिलं."

ती हे म्हणते न म्हणते तोच आतनं सोनुबाई आली. लेकीच्या बॅगेतले धुवायचे कपडे तिच्या हातात होते आणि त्या ढिगात सगळ्यात वर निळं जाकीट होतं.

"हे काय, हितंच हाय की! तळाला कोंबलं हुतं. आणि काय गं अवतार केलाईस ह्याचा?"

सत्याप्पानं जाकीट हातात घेतलं. खालच्या घेराला कुणीतरी आत मुडपून पांढऱ्या दोऱ्यानं हातशिलाई केली होती. निळ्या कापडावर पांढरा दोरा! टाके असे की एकेका टाक्यातनं करंगळी जावी. बगलेखाली दोन्हीकडं कापड गोळा करून शिवलं होतं, कमरेला जाड इलॅस्टिक घुसडलं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कुठल्या खाटकाकडं दिलतीस हे?"

"मीच शिवलंय."

"का? बसत न्हवतं तर मला सांगायचं. आणून द्यायचं. हे असलं..." त्यानं एक पांढरा टाका नखानं उचलून दाखवला. "माझं शिवण हाय गं हे."

पारमिता कटिंगच्या टेबलाला टेकली. ती किती दमलेली दिसते, हे सत्याप्पाच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आप्पा, रागावू नका. मोठं झालं हुतं ते."

"मोठं असू दे की. मोठं असलेलं काय वाईट?"

आता इथं सत्याप्पाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढंमागं उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. सत्याप्पाची माया आतही असायची आणि बाहेरही. आत दोन बोटं राखायचा आणि वर कपडाही दोन बोटं सैलच कापायचा. त्याचा बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचा, आई पानं निवडायची आणि घरातल्या पाच पोरांना मालकांच्या घरचे उतरलेले कपडे मिळायचे. कधी दंडात अडकायचे, कधी गळ्याशी फाटायचे. मापाचा कपडा म्हणून त्याच्या अंगाला पहिल्यांदा लागला तो त्यानं स्वतः शिवलेला. तेव्हापासनं कुणाच्याही पोराला आपला कपडा तोकडा पडू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. सत्याप्पाकडचा गणवेश दोन वर्षं हमखास जातो, असं आया एकमेकींना सांगायच्या आणि त्याच बोलण्यावर त्याचं दुकान तीस वर्षं चाललं. अंग वाढायचं थांबून दहा वर्षं झालेल्या लेकीचं जाकीटही त्यानं वाढत्या अंगाचंच शिवलं होतं.

"मे महिन्यात पहिल्यांदा हवेत बसायला शिकत हुते," पारमिता म्हणाली. ती त्याच्याकडं न बघता टेबलावरच्या खडूच्या रेघा बोटानं पुसत होती. "वारा खालनं आला आणि जाकीट वर चढून कमरेभोवती फुगलं. आधी पोटावर पडत हुते तेव्हा कधी चढलं न्हवतं. छत्री उघडायची एक मूठ असती, हितं, उजव्या बाजूला कमरेमागं. मी हात घातला तर हाताला कापडच आलं. परत घातला, परत कापडच."

सोनुबाई हातातल्या कपड्यांसकट दारातच खाली बसली.

"मग?" सत्याप्पानं विचारलं.

"मग सापडली की. म्हणून तर हितं उभी हाय." ती हसायला गेली. "आणि न्हाय सापडली तरी एक यंत्र असतंय, आपोआप दुसरी छत्री उघडतंय ते. एवढं काय न्हाय त्यात."

"किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"सापडंस्तोवर."

"चार सेकंद. पाच असतील."

सत्याप्पानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारीक काट्याला त्यानं पाच घरं जाऊ दिलं. लई वेळ लागला. हातातलं जाकीट त्यानं टेबलावर ठेवून दिलं, ते हातात धरवेना.

"तुमचं काय चुकलं न्हाय आप्पा. बसायचं शिकणार हाय असं मी सांगितलंच न्हवतं. तुम्ही आपल्या सवयीनं शिवलासा."

"मी शिवत न्हाय हे," तो म्हणाला.

"आप्पा..."

"न्हाय शिवत. बाहेरनं मागव. तिकडं हेच करणारी माणसं असतील की."

"असतात. मागवला तर चार महिने लागतात आणि कोर्स पुढच्या शनिवारी सुरू होतोय. कोच म्हणाला, अंगाला धरून बसणारा ड्रेस असल्याबिगर विमानात चढायचं न्हाय. तुम्ही शिवला न्हाय तर हेच आणखी चार ठिकाणी आवळून शिवून नेणार मी." ती हे दमदाटीच्या सुरात म्हणाली नाही. चार दिवसांचं काम राहिलंय, उरकायचंय, अशा थकल्या सुरात म्हणाली.

"जायलाच पायजे का गं?" सोनुबाईनं दारातनं विचारलं.

"पायजे, आई."

"का म्हणून? कुणी बळजबरी केलीया?"

शेजारच्या मागाची खटखट भिंतीतनं येत होती.

"मघाशी रवळूकाकांनी विचारलं, मिळतं काय," ती शेवटी म्हणाली. "काय न्हाय म्हणाले मी, ते खरंच हाय. सकाळी आठला बसते मी खुर्चीत, रात्र पडंस्तोवर कुणाचं न कुणाचं काय तरी चालू असतंय. हे दे, ते दे, का झालं न्हाय, कधी होणार. तिथं एक मिनिट असतंय. त्या एका मिनिटात अंगावर कशाचाच भार लागत न्हाय. एवढंच हाय बघ. कुणाला सांगितलं तर येड्यासारखं वाटतंय."

ते ऐकताना सत्याप्पाचे खांदे आपोआप खाली आले. हे काही येड्यासारखं नव्हतं. त्याला ते इतकं कळलं की त्याला लेकीचा हेवाच वाटला, आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

तो उठला. मशीनच्या खणातला टेप काढून त्यानं गळ्यात टाकला.

"सोनू, वही घे. लिहून घे मी सांगतो ते." मग लेकीकडं वळून म्हणाला, "कसं बसतीस वर? दाव."

पारमितानं स्टूल खोलीच्या मधोमध ओढलं, अगदी कडेवर टेकून बसली, गुडघे काटकोनात वाकवले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरले.

"असंच?"

"असंच. फक्त खाली स्टूल नसतंय."

सत्याप्पानं टेप उघडला आणि घटकाभर नुसता उभा राहिला. मग मानेच्या मणक्यावर टोक ठेवून कमरेपर्यंत सोडला.

"उभी राहा." परत मोजलं. "आता बस." परत मोजलं. बसल्यावर पाठ पावणेदोन इंच लांब होत होती. अस्सं! म्हणजे आखूड कापलं की ओढणार आणि लांब कापलं की वर चढणार. त्याचा थकवा कुठं गेला कुणास ठाऊक. "पाठीला आडवी पट्टी लायक्राची घालू. ताणली तर ताणू दे, परत जाग्यावर येईल. गुडघ्यालाबी तसंच."

"कोचबी तेच म्हणाला."

"त्याला म्हणावं चाळीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. विजारीच्या मोरीला काय? पायाला वारा पायजे म्हणालतीस."

"पाय थोडे घेरदार, पण घोट्याला घट्ट. मोरी वर सरकली न्हाय पायजे. आणि खिसा नको, टोपी नको, नाडी नको. हूक तर कुठंच नको, दोऱ्या अडकतात."

"रुमाल कुठं ठेवणार?"

"आप्पा, तिथं रुमाल कशाला?"

एकेक माप तो बोलत गेला, सोनुबाई लिहीत गेली. दंड, कोपर वाकवून, कोपर सरळ करून. मांडी. पोटरी. लेकीच्या डाव्या दंडावर छत्रीच्या पट्ट्यानं पडलेला जुना काळा-निळा व्रण होता, त्याच्यावरनं टेप नेताना तो थांबला. पारमिताचे पसरलेले हात दमले, तरी तिनं खाली घेतले नाहीत.

शेवटचं माप छातीखालचं होतं, बरगड्या संपतात तिथलं. छत्रीचा पट्टा इथंच आवळतात, असं तिनं सांगितलं. सत्याप्पानं मागनं टेप घालून पुढं आणला, दोन्ही टोकं जुळवली आणि आकडा बघायला वाकला.

"आप्पा," पारमिता हळूच म्हणाली. "बोट."

त्यानं खाली बघितलं. टेपच्या आत त्याचं बोट होतं. चाळीस वर्षं हजारो पोरांची मापं घेताना, कपडा सैल राहावा म्हणून आपसूक आत जाणारं बोट. आपण ते घातलंय हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

त्यानं बोट काढलं. टेप लेकीच्या अंगाला नीट टेकला. आकडा होता अठ्ठावीस. किती बारीक झाली होती पोरगी! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आकडे धूसर दिसायला लागले.

"अठ्ठावीस लिहू?" सोनुबाईनं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. मग लेकीला म्हणाला, "श्वास घे. हितला न्हवं. दारातनं उडी मारायच्या आधी घेतीस तसा घे."

पारमितानं डोळे मिटले आणि श्वास घेतला. टेप त्याच्या बोटांतनं हळूहळू सरकत गेला. त्यानं अडवला नाही, ओढलाही नाही. श्वास पुरता भरून टेप थांबेपर्यंत तो थांबला. मग चष्मा कपाळावर सारून जवळनं आकडा वाचला.

"साडेएकोणतीस," तो सोनुबाईला म्हणाला. "तेवढंच लिही. वर काय धरू नको."

सोनुबाईनं लिहिलं. पारमिता अजून श्वास कोंडून, हात पसरून, डोळे मिटून बसली होती.

"सोड आता," सत्याप्पा म्हणाला.